फादर बोलतील!

मंडळी, बरेच दिवस हा विषय डोक्यात घोळतोय. दोनदा लिहायला बसले आणि उठले, कारण राजकारणावर लिहिलं की माहेरचे सगळे काळजीने फोन करतात ("कशाला नसत्या भानगडीत पडतेस?"). पण आता लिहितेच. लांबलंय जरा, चहा घेऊन वाचा.

नवीन वाचकांसाठी दोन वाक्यं. माझं माहेर वसईचं, आम्ही कॅथलिक. बँकेच्या नोकरीत आधी साताऱ्याला सहा वर्षं काढली, मग सांगलीला आले आणि निवृत्तीनंतर इथेच विश्रामबागेत राहिले. म्हणजे आता माझ्या जगण्यातला निम्म्याहून जास्त काळ कृष्णेच्या काठावर गेलाय. वसईला गेले की मला 'सांगलीवाली' म्हणतात आणि सांगलीत 'त्या वसईच्या बाई'. चालायचंच.

तर विषय आहे आपल्याकडच्या राजकीय चर्चेचा, आणि त्यात आम्हा कॅथलिकांनी कुठे उभं राहायचं याचा.

जून २०२५ मध्ये सांगलीत काय झालं ते तुम्ही वाचलं असेलच. एका तरुण विवाहितेचा मृत्यू झाला, तिच्यावर धर्मांतरासाठी दबाव होता असा आरोप झाला, आणि त्याच्या निषेधाच्या कार्यक्रमात जतचे आमदार गोपीचंद पडळकर यांनी धर्मांतर करायला येणाऱ्या पाद्र्यांना मारणाऱ्यांसाठी लाखांची बक्षिसं जाहीर केली. रक्कम अकरा लाखांपर्यंत गेली. पुढे मुंबईत आझाद मैदानावर ख्रिस्ती समाजाने निषेध केला, निवेदनं गेली, विधिमंडळात धर्मांतरविरोधी कायद्याची चर्चा झाली.

त्या मृत्यूचा तपास पोलिसांचा आणि निवाडा न्यायालयाचा. त्यावर मी काही लिहिणार नाही. मला बोलायचंय ते त्यानंतर जे बोललं गेलं त्याबद्दल.

एक मुलगी गेली होती. चर्चा तिच्याबद्दल व्हायला हवी होती. तिला कुणी कसला त्रास दिला, तिने कुणाला सांगितलं होतं का, सांगितलं असेल तर कुणी ऐकलं का? सासरी होणाऱ्या त्रासाला आपल्याकडे कुठलाच धर्म अपवाद नाही. पण बक्षीस जाहीर झालं त्या क्षणी ती मुलगी चर्चेतून बाहेर गेली आणि बक्षीसच तेवढं आत राहिलं. आणि हे एका बाजूचंच नाही हो. आमच्या घरच्या ग्रुपवर त्या आठवड्यात जेवढे निरोप आले त्यात 'आपले फादर', 'आपली चर्च', 'आपली सुरक्षा' हेच होतं. त्या मुलीचं दुःख एकाच वहिनीने लिहिलं, ते पण रात्री उशिरा.

विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली 'सीतास्वयंवर' सांगलीतच उभं केलं. आम्ही नाट्यपंढरीचे लोक, टाळीचं वाक्य कुठलं आणि विचाराचं कुठलं हे आम्हाला इतरांपेक्षा लवकर कळायला हवं! पण सभेत टाळीचं वाक्य आलं की आम्ही टाळीच वाजवतो.

आता 'पाद्री' हा शब्द घ्या. सांगली-मिरजेच्या बोलण्यात पाद्री म्हटलं की सगळे एकाच पोत्यात. मिरजेचं वॉनलेस हॉस्पिटल डॉ. विल्यम वॉनलेस यांनी १८९४ मध्ये सुरू केलं, ते अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनचे, म्हणजे प्रॉटेस्टंट. इथल्या जुन्या ख्रिस्ती कुटुंबांपैकी बरीच त्याच परंपरेतली. आम्ही कॅथलिक पुणे धर्मप्रांतातले, रोमच्या पोपला मानणारे. आणि कुणाच्या तरी घरात रविवारी प्रार्थना घेणारे स्वतंत्र पंथांचे पास्टर ही तिसरीच गोष्ट. यात कोण चांगलं आणि कोण वाईट असं मी म्हणत नाही. म्हणणं एवढंच की आरोप करायचा तर नाव, गाव, तारीख घेऊन करावा. अमक्या माणसाने अमक्या दिवशी अमक्याला पैसे दिले. मग त्याची चौकशी होऊ शकते, तो खरा ठरू शकतो, खोटा ठरू शकतो. 'पाद्री असं करतात' हे मात्र खरंही ठरत नाही आणि खोटंही ठरत नाही. ते नुसतं हवेत राहतं आणि एखाद्या संध्याकाळी कुणाच्या तरी डोक्यावर पडतं.

आमराईत सकाळी फिरताना एका ओळखीच्या बाईंनी मला अगदी निरागसपणे विचारलं होतं, "तुमच्यात माणशी किती देतात हो?" मी म्हटलं, "आमच्याकडचं धर्मांतर साडेचारशे वर्षांपूर्वीचं, पोर्तुगीजांच्या अमलातलं. त्याची पावती आता काही सापडायची नाही!" बाई हसल्या. मीपण हसले. पण घरी येताना वाटलं, यातला दुसरा भागही बोलायला हवा होता. त्या पोर्तुगीज काळात जबरदस्तीही झाली, देवळंही पाडली गेली, हा इतिहास आहे आणि तो आम्ही कॅथलिकांनी स्वतःच्या तोंडाने सांगायला हवा. समोरच्याने काढायच्या आधी. नाहीतर आम्ही कुठलाही मुद्दा मांडला की तो आमच्यासमोर आणून ठेवला जाणारच.

आता आमच्या बाजूचं. इथे माहेरच्या मंडळींनी रागावू नये.

आम्ही एरवी बोलतच नाही. अलमट्टीची उंची ५१९.६ मीटरवरून ५२४.२५६ मीटर करायचं कर्नाटकचं कधीपासून चाललंय. सांगलीने २०१९ आणि २०२१ चे दोन महापूर पाहिलेत, त्यामुळे इथल्या चहाच्या टपरीवरसुद्धा त्यावर वाद होतो. जतच्या पूर्वेकडच्या गावांना म्हैसाळचं पाणी कधी पोचणार, साताऱ्याकडे कोयनेच्या धरणग्रस्तांचे राहिलेले प्रश्न कधी सुटणार, यावर मोर्चे निघतात, पत्रं छापून येतात. त्यात आमचा माणूस कॅथलिक म्हणून नको हो, नुसता माणूस म्हणून तरी कितीदा दिसतो? आणि आमच्या फादरांबद्दल कुणी वाईट बोललं की दुसऱ्या दिवशी आम्ही पांढरे कपडे घालून मेणबत्त्या घेऊन रस्त्यावर. लोक म्हणणारच, यांना फक्त स्वतःचं दुखतं.

तीन महिन्यांनी, सप्टेंबर २०२५ मध्ये, त्याच आमदारांनी जयंत पाटलांच्या जन्मावरून, म्हणजे राजारामबापूंच्या नावावर जाईल असं, अत्यंत खालच्या थराचं वक्तव्य केलं. तेव्हा सांगलीत संस्कृती बचावाचा मोठा मोर्चा निघाला, बाहेरून नेते आले. माझ्या मनात दोन प्रश्न आले. जूनमध्येच सांगली एवढ्या संख्येने रस्त्यावर आली असती तर सप्टेंबरची वेळ आली असती का? हा पहिला. आणि दुसरा जास्त बोचरा: सप्टेंबरच्या मोर्चात आमच्यातले किती जण होते? दुसऱ्याच्या बापाचा अपमान झाला तेव्हा आपण घरी बसलो, तर आपल्या फादरांच्या वेळी त्यांनी का यावं?

आमच्या गप्प राहण्याचं एक कारण मला कळतं. आम्हाला सवय लागलीये की बोलायचं ते फादर बोलतील. पत्रक बिशप काढतील. आपण मिस्साला जायचं, सही मागितली तर करायची. पण गंमत अशी की चर्चच्याच कायद्यात, कॅनन २८५ मध्ये, धर्मगुरूंना शासनाच्या सत्तेचं पद घ्यायला मनाई आहे. राजकारण हे काम चर्चने प्रापंचिकांच्या, म्हणजे तुमच्या-माझ्या वाट्याला दिलंय. आणि आम्ही ते मोठ्या आदराने फादरांना परत केलंय!

फादर म्हटलं की अर्थात फादर फ्रान्सिस दिब्रिटो आठवतात. वसईबाहेरच्या मैत्रिणींसाठी थोडं सांगते. १९८०च्या दशकाच्या शेवटापासून वसईत जमिनी गिळल्या जात होत्या, विहिरींचं गोडं पाणी टँकरने उपसून इमारतींना विकलं जात होतं. तेव्हा 'हरित वसई संरक्षण समिती' उभी राहिली आणि त्यात फादर पुढे होते. समोर दहशत होती, नुसते विरोधक नव्हते. या आंदोलनाचा विषय होता पाणी, जमीन आणि विकास आराखडा. चर्चचा त्यात काही संबंध नव्हता. विहिरीचं पाणी खारट झालं तर ते हिंदूच्या बागेलाही खारट आणि ख्रिस्तीच्या बागेलाही. म्हणून त्या लढ्यात सगळे होते. फादर आमचे म्हणून मोठे झाले असं नाही, ते सगळ्यांच्या पाण्यावर बोलले म्हणून मोठे झाले. 'सुवार्ता' मासिक त्यांनी १९८३ पासून चोवीस वर्षं चालवलं. 'सुबोध बायबल'ला २०१३ चा साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार मिळाला.

आणि मग २०२० च्या जानेवारीत उस्मानाबादच्या (आताच्या धाराशिवच्या) ९३ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. निवड जाहीर झाल्याबरोबर विरोध सुरू झाला, धमकीचे फोन आले. त्या विरोधात एक गोष्ट सारखी जाणवत होती. त्यांच्या लिखाणातलं अमुक वाक्य चुकीचं आहे, अमुक अनुवाद फसला आहे, असं कुणी म्हणत नव्हतं. आक्षेप झग्यावर होता. मला विचाराल तर चर्चेचा दर्जा मोजायची याहून सोपी फूटपट्टी नाही. माणसाने काय म्हटलं यावर तुम्ही भांडताय, की ते कोण म्हणतंय यावर? पाठीच्या दुखण्याने बेजार असतानाही फादर उस्मानाबादला गेले आणि आपलं म्हणणं मराठीत मांडलं. २५ जुलै २०२४ ला ते गेले. त्यानंतर साधारण अकरा महिन्यांनी सांगलीचं प्रकरण झालं, आणि आम्ही सगळे इकडेतिकडे बघायला लागलो की आता आपल्या वतीने कोण बोलणार? एकाच माणसाच्या भरवशावर अख्खा समाज राहिला की असं होतं.

आता कुणी म्हणेल, आपण आहोत किती? २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात सगळे ख्रिस्ती मिळून एक टक्क्याहूनही कमी, आणि सांगली-साताऱ्यात तर निवडणुकीच्या गणितात आम्ही कुठेच येत नाही. कुठल्या उमेदवाराला आमची भीती नाही आणि गरजही नाही. मग बोलून काय होणार?

माझं म्हणणं नेमकं उलटं आहे. मतं नाहीत म्हणूनच आमच्याकडे मुद्द्याशिवाय दुसरं काही नाही. आणि हे आम्ही स्वतः निवडलंय. घटना समितीत अल्पसंख्याकांची उपसमिती हरेंद्रकुमार मुखर्जींकडे होती, ते बंगाली ख्रिस्ती. मद्रासहून आलेले जेरोम डिसूझा हे जेझुइट फादर तिथे सदस्य होते. धर्माच्या आधारावर विधिमंडळात राखीव जागा ठेवायच्या का, हा प्रश्न होता. १९४९ मध्ये त्या सोडायचं ठरलं, आणि ख्रिस्ती प्रतिनिधी त्या सोडायच्या बाजूचे होते. त्यांनी भरवसा ठेवला तो शेजाऱ्यांच्या सद्‌बुद्धीवर आणि आपल्या बोलण्यावर. त्या भरवशाचा अर्धा भाग शेजाऱ्यांनी पाळायचा आहे हे खरं. पण बोलायचा अर्धा भाग आमच्याकडे आहे ना?

गोव्यातलं एक उदाहरण मला फार आवडतं. गोवा महाराष्ट्रात विलीन करायचा की नाही यावर १६ जानेवारी १९६७ ला जनमत कौल झाला. विलीनीकरणाच्या विरोधात डॉ. जॅक सिक्वेरा यांच्यासारखे कॅथलिक पुढारी होते, पण नुसत्या कॅथलिक मतांवर तो कौल लागणं शक्य नव्हतं. हिंदू मतदाराला पटवायला हवं होतं. ते काम मडगावच्या 'राष्ट्रमत' या दैनिकाने केलं. हे दैनिक मराठी होतं! महाराष्ट्रात जाऊ नका हे मराठीतून, मराठी वाचणाऱ्यांना, रोज मुद्दे मांडून सांगितलं गेलं. शेवटी ३४,०२१ मतांच्या फरकाने गोवा वेगळा राहिला. तुम्ही कुणाच्या बाजूचे ते सोडा. पण समोरच्याच्या भाषेत जाऊन त्याला पटवता येतं, हे त्यातून दिसतं. आम्ही मात्र आमची निवेदनं इंग्रजीत लिहितो आणि एकमेकांनाच पाठवतो.

मुद्द्याने बोलायचं म्हणजे कसं, हे मी साताऱ्यात पाहिलं. डॉ. नरेंद्र दाभोलकरांचं ते गाव. जादूटोणाविरोधी कायद्यासाठी ते वर्षानुवर्षं भांडत होते. हा कायदा आला की वारी बंद होणार, सत्यनारायण बंद होणार, असा प्रचार चालायचा. त्यावर डॉक्टरांचं उत्तर ठरलेलं: कुठल्या कलमात लिहिलंय ते दाखवा. चिडणं नाही, आवाज चढवणं नाही. कलम काढून वाचायचं. २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात त्यांचा खून झाला, आणि त्याच वर्षी कायदा झाला. साप चावला तर दवाखान्यात जाऊ न देता मंत्र घालणं हा त्या कायद्याने गुन्हा आहे. भूत काढतो म्हणून माणसाला मारणं हा गुन्हा आहे. घालणारा कुठल्या धर्माचा, हा प्रश्न त्यात येतच नाही.

मग आम्हीही सरळ बोलू या की. आजाऱ्यासाठी प्रार्थना करणं हा गुन्हा नाही. पण 'गोळ्या बंद कर, प्रार्थनेने बरा होशील' असं कुणी ख्रिस्ती माणूस सांगत असेल तर ते चूक आहे, आणि ते आम्ही इतरांच्या आधी म्हटलं पाहिजे. पैसे किंवा धाक दाखवून धर्म बदलायला लावणं आमच्या चर्चलाही मान्य नाही. १९६५ च्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्या धर्मस्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यात श्रद्धेच्या बाबतीत कुणावर जबरदस्ती करू नये हे स्वच्छ सांगितलंय. सर्वोच्च न्यायालयाने १९७७ च्या स्टॅनिस्लॉस खटल्यात म्हटलं की धर्माचा प्रसार करण्याचा हक्क म्हणजे दुसऱ्याचं धर्मांतर करण्याचा हक्क नव्हे. आमच्यातल्या बऱ्याच जणांना तो निकाल आवडत नाही, त्यावर टीका करायला जागाही आहे. पण तो निकाल आहे, आणि त्याचं नाव न घेता कलम २५ वर भाषण करणं म्हणजे अर्धंच पान वाचून दाखवणं. तसंच दुसऱ्या बाजूनेही. त्याच कलम २५ मध्ये सदसद्विवेकबुद्धीचं स्वातंत्र्य प्रत्येकाला दिलंय. म्हणजे एखाद्या बाईला स्वतःहून धर्म बदलावासा वाटला तर तो तिचा हक्क, आणि नको वाटलं तर तोही तिचाच. सासऱ्याचा नाही, पाद्र्याचा नाही, आमदाराचाही नाही.

हे सगळं विश्रामबागेत पंख्याखाली बसून लिहायला सोपं आहे, याची मला कल्पना आहे. एखाद्या खेड्यात एकटं ख्रिस्ती घर असेल तर त्यांनी आधी बोलावं अशी माझी मुळीच अपेक्षा नाही. त्यांच्या दाराशी कुणी आलं तर त्यांच्या बाजूने उभं राहायचं काम शहरातल्या आमचं आहे, आणि त्याहून जास्त त्या गावातल्या शेजाऱ्यांचं. बोलायची सुरुवात ज्यांना फारसं गमवायचं नाही त्यांनी करावी. पेन्शनर, शिक्षक, वकील, माझ्यासारख्या रिकामटेकड्या बायका!

आणि सुरुवात चर्चपासून करू नये. पाण्यापासून करावी. अलमट्टीवर बोलावं, जतच्या पाण्यावर बोलावं, रस्त्यावरच्या खड्ड्यांवर महापालिकेला पत्र लिहावं, शेजाऱ्याबरोबर सही करावी. वर्षभर हे केलं की मग कधी आमच्या फादरांबद्दल कुणी बोललं तर आम्हाला एकट्याने मेणबत्त्या धरायची वेळ येणार नाही. आली तरी निदान बघणारा म्हणेल, या बाईंना ओळखतो, या पुराच्या बैठकीला असतात.

असो. पुरे आता. माहेरच्यांनी काळजी करू नये, मी सुखरूप आहे आणि बीपीची गोळी वेळेवर घेते. ज्यांना पटलं नसेल त्यांनी जरूर लिहा, अगदी कडक लिहा. फक्त मी कोण यावर नको, मी काय म्हटलंय त्यावर लिहा.